एका मशीनला दोन माणसं

चारुदत्त लिमये गेले, दहावं झालं, तेरावं झालं, तरी त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या, सावनीच्या, डोळ्यांतून टिपूस गळलं नाही. रत्नागिरीत असली गोष्ट लपून राहते होय! समाचाराला येणाऱ्या बायका आधी तिच्या आईचा, कमलाबाईंचा, हात हातात घेत, मग सावनीकडे बघत आणि बघतच राहत. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, तेवढी रीत पाळून त्या मुकाट उठत. बोलणं काय ते फाटकाबाहेर. लिमयांची पोरगी लग्न होऊन पोफळीला गेली आणि दगड झाली, असा निकाल आठवड्याच्या आतच लागला होता. कमलाबाईही रडल्या नव्हत्या, पण त्यांना कोणी नाव ठेवलं नाही. विधवा बाई कामात आहे म्हणजे धीराची, आणि मुलगी कामात आहे म्हणजे कोरडी. चालायचंच.

खरं म्हणजे त्या बायकांपेक्षा सावनीच जास्त घाबरली होती. बातमीचा फोन आला तेव्हा ती पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये पोळ्या करत होती. सकाळी बाबांनी दाढीचं पाणी मागितलं आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ऐकून सावनीने गॅस बंद केला, उरलेली कणीक झाकून फ्रिजमध्ये ठेवली आणि नवऱ्याला, सलिलला, पॉवरहाऊसवर फोन लावला. गाडीत चिपळूण गेलं, संगमेश्वर गेलं, ती खिडकीतून पाट्या वाचत राहिली. आता येईल, घर दिसलं की येईल, बाबांना बघितलं की येईल, असं करता करता सगळं उरकलं आणि काही आलं नाही. दात काढताना डॉक्टर गाल बधिर करतात, मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं तिला आतून झालं होतं. बाबांवर आपलं प्रेमच नव्हतं की काय, ही शंका तिला एकदा आली आणि मग ती जाईना.

आता या चारुदत्त लिमयांविषयी सांगायला हवं. माणूस साधा, पण अजब. घराची पुढची पडवी बंद करून त्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूट काढली होती. अर्ध्या रत्नागिरीच्या कचेऱ्यांत ज्यांची बोटं चालत होती ती लिमये सरांनी वळवलेली. कीबोर्डकडे बघून टाईप करणारा माणूस त्यांच्या लेखी तोंड कुठे आहे ते आरशात बघून घास घेणाऱ्यासारखा. विद्यार्थ्याच्या हातांवर ते चक्क फडकं टाकायचे आणि म्हणायचे, आता चालव. आवाज कधी चढला नाही. घरात पाल निघाली तर तिला झाडूने हळूहळू दाराबाहेर पोचवून 'परत येऊ नकोस हो' असं सांगणारा हा गृहस्थ.

१९९८ साली टायपिंगची सद्दी संपत आली हे त्यांनी ओळखलं आणि कॉम्प्युटर घेतला. आणि तिथेच ती सुप्रसिद्ध चूक झाली. मशीन दाखवायला मुंबईहून दोघं आले होते. ठेवायला जागा कुठली, तर टायपिंगचं अरुंद टेबल. त्यावर पडदा आणि कीबोर्ड बसला, माऊसला वीतभरही जागा उरली नाही. मग त्या दोघांनी माऊस शेजारच्या स्टुलावर ठेवला. एक जण कीबोर्डवर बसला, दुसरा उजवीकडे दुसऱ्या स्टुलावर टेकून माऊस फिरवू लागला, आणि असं त्यांनी सगळं करून दाखवलं. लिमये सरांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, ही मशीन चालवायची रीतच ही. होडीला जसा वल्ह्यावर एक आणि सुकाणूवर एक लागतो, तशी याला दोन माणसं लागतात. विचारायचं कोणाला? शंका विचारणं हे विद्यार्थ्यांचं काम, सरांचं नव्हे. दुसऱ्याच दिवशी बाहेर पाटी लागली, 'कॉम्प्युटर शिकवला जाईल. प्रवेश जोडीने.'

आणि शिकलीत हो पोरं, जोडीजोडीने! वर्षभर कोणाला काही वावगं वाटलं नाही. मग त्यांची एक विद्यार्थिनी, हिरा, लांज्याला एका काजूच्या कारखान्यात नोकरीसाठी गेली. मशीनसमोर बसवल्यावर तिने मोठ्या गंभीरपणे विचारलं की माऊसवर कोण बसणार आहे. झालं! ती गोष्ट एस.टी.च्या आधी रत्नागिरीत पोचली. गाडीतळावर लोक सरांना थांबवून चहा पाजत आणि खोदून खोदून तेच विचारत. दुसरा असता तर तोंड लपवून बसला असता. लिमये सरांनी दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं की दोन माणसं लागत नसतील, पण चालतात ना? मग राहू दे. पाटी मात्र त्यांनी काढली.

त्या मशीनवर त्या मुंबईवाल्यांनी एक खेळ टाकून ठेवला होता. जमिनीखालच्या एका कारखान्यात एक माणूस अडकलाय, त्याला बाहेर पडायचंय. बोगदे, जिने, लोखंडी दारं, आणि अंधारातून अंगावर येणारे मुखवट्याचे शिपाई. तो माणूस आपल्याला दिसत नाही, आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो. दिसतो तो त्याचा हात आणि बंदूक. बाबांनी त्याचं नाव ठेवलं आत्माराम. दिसत नाही पण आहे, म्हणून आत्माराम. सावनी तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. माऊसचा सराव म्हणून एक दिवस बाबांनी तिला कीबोर्डवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले, ते पुढे तीन-चार वर्षं रोज दुपारच्या चहानंतर बसतच राहिले. सराव तो सराव!

खेळातल्या चालण्याच्या कळाही बाबांनी बदलून घेतल्या होत्या, टायपिंगच्या पहिल्या धड्याप्रमाणे. ए-एस-डी-एफ. करंगळीने डावीकडे, मधल्या बोटाने पुढे, असं प्रत्येक बोटाला ठरलेलं काम. चालवायची सावनी. बघायचं आणि गोळी मारायची बाबांनी. आत्मारामाचे पाय मुलीकडे आणि मान बापाकडे. सुरुवातीला धमाल व्हायची. बाबा उजवीकडे बघतायत आणि ही त्याला मागे चालवतेय, की आत्माराम धबकन खाली. कमलाबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या की पानं वाढली आहेत, आत्माराम जेवायला येतायत की उपाशीच मरायचंय आज. पण हळूहळू बोलायची गरजच उरली नाही. बाबांचा श्वास अडला की सावनीचं बोट थांबायचं. त्यांनी खांदा किंचित वळवला की तिला कळायचं, आता कोपऱ्यावरून जायचंय. घरात त्या दोघांचं एरवी बोलणं फार नव्हतं. बाप-लेकीत बोलायचं तरी काय? मार्क किती पडले आणि छत्री घेतलीस का.

२००२ साली सावनीचं लग्न ठरलं. केळवणांची गर्दी उडाली होती, तेव्हा आत्माराम एका प्रचंड लोखंडी दारापाशी पोचला होता. दारापलीकडे लांबच लांब पूल. बाबांनी माऊस सोडला आणि म्हणाले, राहू दे, तू दिवाळीला आलीस की पूल ओलांडू. मी थांबतो.

पहिल्या दिवाळीला ती सलिलबरोबर आली. फराळ झाला, जावयाची थट्टा झाली. पोफळीत वीज करता तुम्ही आणि अंधार आमच्या वाट्याला, हे सासऱ्याचं ठरलेलं वाक्य झालं. मग बाबा हात चोळत उठले आणि जरा हळूच म्हणाले, काय सावने, जायचं का पुलावर? सलिल समोर बसलेला. नवी नवरी ती, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काय हे बाबा, मी काय लहान आहे आता?" असं ती हसत म्हणाली. बाबाही हसले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती विसरूनही गेली.

तर आता, २००८ साली, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सावनी त्या पडवीत उभी होती. टाईपरायटर आधीच गेले होते. राहिली होती ती मशीन, आणि उद्या सकाळी लांज्याचे एक गृहस्थ टेम्पो घेऊन ती न्यायला येणार होते. आईने सांगितलं होतं की ठेवण्यासारखं काही असलं तर बघून घे एकदा. लोडशेडिंग संपून नुकतेच दिवे आले होते. सावनीने बटण दाबलं. मशीन बराच वेळ घरघरली, पडदा उजळला. आत काय, तर परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, कोणाकोणाचे अर्ज, आरतीचा कागद. ती एकेक उघडून बंद करत गेली, भाजी निवडावी तसं. आणि मग कोपऱ्यात तो खेळ दिसला.

उघडावा असं काही तिला वाटलं नाही. हात होताच तिथे, उघडला. जिथे थांबलो तिथून पुढे, असं तिने सांगितलं आणि लोखंडी दार यायची वाट बघत राहिली.

दार आलंच नाही. वर आभाळ होतं. जुन्या दगडी बांधकामाचं एक मोठं आवार, मधे पाण्याचा तलाव, पलीकडे पडका जिना. ही जागा तिने जन्मात बघितली नव्हती. कारखाना मागे कुठेतरी राहिला होता. पूल केव्हाच ओलांडून झाला होता.

कोणाबरोबर?

तिला राग आला. गेल्या तेरा-चौदा दिवसांत आतून काही आलं असेल तर ते हे एवढंच, आणि तेही बापावरचा राग. वा रे वा! थांबतो म्हणाले होते ना? मग पाय कोणाला दिले? एखादा विद्यार्थी बसवला असेल, दुसरं काय. आपल्या खुर्चीत कोणीतरी उंचाडा पोरगा बसलाय आणि बाबा खांदा वळवतायत, असं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिने दात आवळले. राग तर राग. निदान काहीतरी होतंय म्हणून ती त्याला धरून राहिली.

तिने खेळायचं ठरवलं. कॉलनीतल्या शाळेच्या ऑफिसात ती रोज कॉम्प्युटर चालवायची, दोन्ही हातांनी, चारचौघांसारखा. पण इथे ते काही जमेना. डावा हात आपल्या जागी जाऊन बसला, जणू काल उठला होता. उजवा स्टुलापर्यंत पोचायचा तर अख्खं अंग वाकडं करावं लागे, आणि वाकडं केलं की पडदा तिरपा. माऊस मांडीवर घेतला तर बघणं भलतीकडेच सरके. शिवाय बघायचं कुठे, हेच तिला ठाऊक नव्हतं. पाय कुठे टाकायचे ते ठाऊक होतं, पण ते कोणीतरी बघून दिल्यावर. जिन्यावरून एक मुखवटा उतरायचा, ती आभाळाकडे गोळी मारायची, आणि आत्माराम आडवा. पुन्हा लावला, पुन्हा आडवा. ती यंत्रासारखी लावत राहिली.

"त्या जिन्यावरून नको जाऊस गो. तो कोसळतो."

सावनीने मागे बघितलं. आई चहा घेऊन उभी होती. पडद्याकडे बघत होती, आणि आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात ती बोलली होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, ते कमलाबाईंच्या पद्धतीने, म्हणजे कप बशीवर, बशी खिडकीत, पदराने टेबल पुसत पुसत. त्या दिवाळीला तू नाही म्हणालीस, त्या म्हणाल्या, आणि तुमची गाडी गेल्यावर दुसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला म्हणतात, कमल, बोटांत टायपिंग आहे का अजून? आता त्यांच्याच पहिल्या बॅचची विद्यार्थिनी ना मी. फडक्याखालून शिकलेलं, जाणार कुठे? बसले. तेव्हापासून रोज चहानंतर बसत होतो. तुला सांगायचं नाही अशी ताकीद होती. तिला थांबतो म्हटलं होतं, तिला वाईट वाटेल, म्हणायचे.

सावनीचा राग ज्या वाटेने आला त्या वाटेने निघून गेला, आणि जागा पुन्हा रिकामीच राहिली. वाईट वाटायला हवं हे तिला पुरतं कळत होतं.

आई सांगत राहिली की मला त्या गोळ्या आवडायच्या नाहीत. कोणाला मारायची वेळ आली की मी पायच उचलायची नाही. मग हे म्हणायचे, बरं, नको मारूया, आणि नुसतं फिरायचो. तलाव त्यांना फार आवडला होता. पाणी किती छान केलंय बघ, म्हणायचे, माणसाने बसून केलंय हे. सहा महिने तरी आम्ही या आवारातच होतो. लग्नानंतर हे मला कधी कुठे फिरायला घेऊन गेले नाहीत हो, गणपतीपुळ्याला गेलो ते पण तुझ्या नवसाला. इथे मात्र रोज.

सांगता सांगता त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि सावनीच्या शेजारी बसल्या. नकळत त्यांचा डावा हात कीबोर्डवर गेला. तिथे सावनीचा होताच. मायलेकींची बोटं एकाच चार कळांवर आली, आणि दोघी क्षणभर तशाच राहिल्या. सावनीने आपला हात काढून घेतला.

कमलाबाईंनी मधलं बोट दाबलं. आत्माराम चालू लागला. कीबोर्डकडे न बघता, पाठ ताठ ठेवून, लिमये सरांनी शिकवलं तशा त्या चालवत होत्या. तलावाच्या कडेने तो सरळ गेला, आवार ओलांडलं आणि समोरच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळला. बोट दाबलेलंच होतं. पडदाभर नुसती भिंत, आणि जागच्या जागी चालणाऱ्या पावलांचा आवाज. टक टक टक टक. कमलाबाई वाट बघत होत्या.

"अहो, वळवा ना," त्या म्हणाल्या.

उजवीकडचं बाबांचं स्टूल रिकामं होतं. म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांना कळलं. पण बोट काही त्यांनी उचललं नाही. त्यांची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. दहाव्याचे पिंड बघून, दारातून तिरडी उठताना, बायकांनी हात धरले तेव्हा, जे कुठेच आलं नव्हतं ते त्या भिंतीपाशी आलं. आवाज नव्हता. पावलांचा तेवढा होता.

सावनी उठली. टेबलाला वळसा घालून ती बाबांच्या स्टुलावर बसली, माऊस हातात घेतला आणि आत्मारामाला हळूच भिंतीपासून वळवलं. आईचं बोट तसंच होतं, त्यामुळे तो लगेच चालू लागला. तलाव आला. ती त्याला कडेकडेने नेऊ लागली.

आणि मग तिला दिसलं. या बाजूला ती आयुष्यात कधी बसली नव्हती, त्यामुळे तिला ठाऊकच नव्हतं, की इथून पडदा तिरपा दिसतो, आणि पडद्यापेक्षा स्वच्छ दिसतो तो कीबोर्डवर बसलेल्या माणसाचा चेहरा. पडद्याचा उजेड त्यावर पडतो. आईचे ओठ किंचित उघडे होते, गाल ओले होते आणि डोळे पुढे लागले होते. इतकी वर्षं बाबा त्या शिपायांकडे बघत असतील असंच ती धरून चालली होती. ते तिच्याकडे बघत होते. रोज, चहानंतर, तिच्याकडे. आणि ती नाही म्हणाली तेव्हा हसले होते.

सावनीला रडू आलं. आलं ते असं आलं की तोंडावर हात ठेवायलाही वेळ मिळाला नाही. ती लहान मुलीसारखी मोठ्याने रडली, बाबा म्हणाली, पुन्हा पुन्हा बाबा म्हणाली. फाटकाबाहेर रस्त्यावर ऐकू गेलं असेल तर जावो. पडद्यावर आत्मारामाची मान इकडेतिकडे हेलकावत होती.

कमलाबाईंनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले. चालवायचं मात्र त्या थांबल्या नाहीत.

"रड हवं तेवढं," त्या म्हणाल्या, "पण समोर बघ गो. पुढे पाणी आहे."